हजेरी

रुवी, मस्कत. रात्रीचे अकरा.
सोहारच्या क्रेनांची वजनं
यायची थांबलीत पुन्हा.
लॉगमध्ये एकच ओळ, चारशे वेळा:
कनेक्शन नाकारलं.

जाता जाता शिबू म्हणाला होता,
त्यांचा काय दोष?
तूच दार वाजवतोस, बोलून घेतोस,
आणि ते सताड उघडं टाकून
पुढचं वाजवायला पळतोस.

खरंय.
मग दहाच ठेवली, मोजून.
काम झालं की परत जागेवर,
पुढच्याच्या हाती.
नकार आला तर एक सेकंद थांब,
मग दोन, मग चार, मग आठ,
आणि थांबलास म्हणून
बाकीच्यांची कामं अडवू नकोस.
एवढंच लिहायला अडीच वाजले.

दिवे गेले.
इमारतीला वाटलं, आत कुणी नाही;
बराच वेळ हललो नव्हतो मी.
अंधारात हात वर केला,
वर्गात मागच्या बाकावरून करायचो तसा,
अर्धवट.
दिवे आले.

राहिलेली ओळ तेव्हा लिहिली:
दर वीस सेकंदांनी,
सांगण्यासारखं काही नसलं तरी,
एक रिकामा निरोप.

सोहारहून उत्तर आलं.
तेही रिकामंच.