ऐकणे म्हणून हाय

वडगावात, नाझर कँपच्या मागच्या गल्लीत
सूत रंगवणाऱ्याच्या दुकानावर माझा क्लास.
जिन्याच्या कठड्याला निळा रंग लागलेला, कायमचा.
संध्याकाळी सात ते साडेआठ, महिना तीनशे,
आणि शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट फुकट.

त्या आठवड्यात सारख्या अर्थाची क्रियापदं चालली होती.
फळ्यावर तीन शब्द, तिन्हींना आपलं एकच: बघणे.
म्हटलं, दुकानाची पाटी येता-जाता दिसते, ते सी.
कानडीत आहे म्हणून मान तिरकी करून
अक्षराला अक्षर लावत बसता, ते लुक.
आणि रात्री तिला कुणी काळं फासतंय का म्हणून
कोपऱ्यावर होमगार्ड खुर्ची टाकून बसतो, ते वॉच.
पोरं हसली. रेणुका मुतगेकरनं वहीत खुर्चीसुद्धा काढली.
गोव्याच्या हॉटेलात लागू बघणारा सदाप्पा म्हणाला,
"सर, मग गिऱ्हाईकाला आम्ही ह्यातलं काय करायचं?"

पहिल्या बाकावर विरुपाक्ष कामकर.
वय अठ्ठावन्न, त्यातली चाळीस वर्षं मागावर.
डोक्यावर कापसाचं तूस की पिकलेले केस, कळत नाही.
दोन महिन्यांत एक अवाक्षर नाही. फी मात्र एक तारखेला.
त्या दिवशी सगळे गेल्यावर टेबलाशी आला,
खिशातून सुताच्या पुड्याचा पिवळा कागद काढला.
हुबळीहून मुलीचा मेसेज, मोबाईलवरून उतरवलेला,
चित्र काढावं तसा:
यू हिअर मी, बाबा. यू नेव्हर लिसन.

"मास्तर," तो ओरडूनच बोलतो, मागवाल्यांची सवय,
"डिक्शनरीत बघितलो. दोन्हीकडं ऐकणे म्हणून हाय.
मग गिरिजा भांडूलालीय कशावरनं?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. वीस वर्षं तेच सांगतोय:
हिअर आपोआप होतं, लिसन करावं लागतं.
ते ओठांवर आलं,
आणि त्याची नजर तिथंच टेकलेली दिसली. ओठांवर.
चाळीस वर्षं धोटा आपटून आपटून
कानातली तार केव्हाच तुटलेली.
या माणसाला हिअर उरलंच नव्हतं.
दोन महिने मी शिकवत होतो
आणि तो मला वॉच करत होता.

"धागा तुटला की कळतंय मला," तो म्हणाला,
"वीस मागांत नेमका कुठल्या मागाचा, तेबी.
पायाखालची फरशी सांगते.
पोरीचा फोन आला की मात्र हो हो म्हणतो नुसता."

"मग विचारायचं की, काय म्हणालीस म्हणून."

तो थांबला. घरात बायको कानडी.
तिच्याच भाषेत, पहिल्यांदाच हळू आवाजात:
"केळबेकु."

मला कानडी येतं ते बाजारापुरतं.
केळु म्हणजे ऐक. केळु म्हणजे विचारसुद्धा.
एकाच शब्दात दोन्ही कामं,
आणि त्यांच्यात कुणाचा गोंधळ होत नाही.

तेवढ्यात लाईट गेली.
माग थांबले. खाली कुणीतरी शिंकलं, ते मला ऐकू आलं.
त्याला फरशी थांबलेली कळली.
मोबाईल पेटवून त्यानं माझ्या हातात दिला.
"लिहा तुम्ही. परत सांग म्हणावं. सावकाश."
मी आधी से लिहिलं, खोडलं, टेल केलं.
से भिंतीपाशीही चालतं, टेलला समोर माणूस लागतो.
टेल मी अगेन. स्लोली. आय कान्ट हिअर.

त्यानं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं.
"ह्यात लिसन कुठाय, मास्तर?"

मी तोंड उघडलं आणि लाईट आली,
सगळ्या गल्लीचे माग एकदम सुटले.
मी काय उत्तर दिलं ते त्यानं
ओठांवरून वाचलं असेल तर असेल.
माझं मला काही ऐकू आलं नाही.