दिवा घालवून

भर दुपारी लेम्पी हार्यू गॅरेजचा दिवा घालवते
आणि अंधारात उभी राहते.
पत्र्याचं जुनं दार मग आपणहून बोलायला लागतं:
डाव्या अंगाला सुतभर उजेड,
दुसऱ्या सांध्यात एक ठिपका,
आणि खाली, फरशी खचलीय तिथं,
चांगली दोन बोटं.
ती खडूनं खुणा करत जाते.
उजेड तिथं वारा,
हा हिशेब तिला कुणी शिकवावा लागला नाही.

बाहेर सुपीरियर सरोवर, अजून न गोठलेलं,
वाफा टाकतंय. उणे बावीस.

वरच्या खोलीत नातू झोपलाय, एल्डन.
खनिजाच्या गोदीवर रात्रपाळी.
दिवसा झोपतो, मोजे घालून, कानटोपी घालून,
विचारलं तर म्हणतो, "ठीक आहे, मुम्मो."
ठीक आहे म्हणणारी माणसं
या घराण्यात पिढीजात.

फोमचे तक्ते कापताना सुरी किरकिरते,
आवाज दातांत शिरतो.
पांढरे कण बाहीला चिकटतात,
झटकले की दुसऱ्या बाहीवर जातात.
एकेका पत्र्यामागे एकेक तक्ता, कडेनं रुपेरी चिकटपट्टी.
तिसऱ्या पत्र्याला मात्र पोचा आहे.
एकोणऐंशी साली रेनोनं
पुढचा गिअर समजून मागचा टाकला होता,
तिच्याशी भांडत भांडत.
तक्ता तिथं बसत नाही. टेकतो, डुगडुगतो.
ती मागून तासते, लावून बघते, पुन्हा तासते.
भांडण कशावरून होतं, आठवत नाही.
बरोबर तीच होती, एवढं आठवतं.

दोन्ही बाजूंना रबर, वर रबर,
बुडाला नवी, जाड, काळी पट्टी.
संध्याकाळी परत दिवा घालवला.
काहीच नाही.
स्वतःचा हातसुद्धा नाही.

रात्री दहाला एल्डननं बटण दाबलं.
मोटर कण्हली, दार हललं नाही.
त्याच्याच गाडीखालचं वितळलेलं बर्फ
ओघळत दारापर्यंत गेलं होतं
आणि रबराला धरून गोठलं होतं.
वर तक्त्यांचं ओझं; स्प्रिंगला ते नवीनच.

"कोमट पाणी?"
"तेही गोठेल. ड्रायर आण माझा."

मग सहा फुटांचा तो पोरगा
फरशीवर पालथा पडून
दाराचे केस वाळवावेत तसा
या टोकापासून त्या टोकाला सरकत राहिला,
आणि ती पत्र्याची उलथणी घेऊन त्याच्या मागोमाग.
मध्येच, मान वर न करता, तो म्हणाला,
"आज टोपी काढून झोपलो."
ती काही बोलली नाही. उलथणी जरा जोरात चालली.

दार सुटलं ते चर्रकन.
वीतभर रबर बर्फालाच राहिलं.
गाडी गेली, दार खाली आलं,
थोडं धाडकन, आता जड झालंय म्हणून.

तिनं सवयीनं दिवा घालवला.
अंगणातल्या खांबाचा उजेड
खालून आत आला, वीतभर,
तिच्या चपलेपर्यंत.
खडू खिशातच होता.