फॉन्ट उडालाय बहुतेक

लॅमिंग्टन रोडला पूर्वी एक दळवी बसायचे,
बंद दुकानाच्या पायरीवर, छत्री उलटी करून.
छत्रीत सीड्या. साठला एक, शंभरला दोन.
"नाही चालली तर आणून दे. मी काय पळून जातोय?"
आणि खरंच, एकदा परत नेली तर
शर्टाच्या टोकाने पुसून त्यांनी दुसरी दिली.
माल चोरीचाच. पण चोराला पायरी होती,
बुधवारची सुट्टी होती,
गुडघेदुखी होती.

मग दळवी दिसेनासे झाले, सीड्याही.
गाड्यांचा तो गेम बाजारात तीन हजारांना होता
आणि आमच्याकडे तीन रात्रींना.
चढवणाऱ्याचं नाव म्हणजे चार अक्षरं, एक आकडा.
खाली शेकडोंनी लिहिलेलं: चालतोय, धन्यवाद भावा.
त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हतो.
सगळ्यांवर विश्वास ठेवला.

सोबत सूचनांची एक छोटी फाईल.
पहिलीच सूचना: अँटीव्हायरस बंद करा.
तो ओरडेल. लक्ष देऊ नका, तो नेहमीच ओरडतो.
मला पटलं.
सोळाव्या वर्षी घरातलं कोण ओरडत नाही?

मशीन माझं नव्हतं.
पतपेढीचे हप्ते भरून आईने घेतलेलं,
ठाकूरद्वारच्या खोलीत, गॅसच्या शेगडीपासून चार हातांवर.
लग्नपत्रिका, मुंजी, वास्तुशांती,
सोसायटीच्या पाणीकपातीच्या नोटिसा
ती त्यावर जुळवायची.
रात्री अकरानंतर खुर्ची माझी.

दोन रात्री गाड्या पळाल्या.
तिसऱ्या सकाळी आईने मांजरेकर-तोरस्करांची पत्रिका उघडली,
नेहमीसारखी उघडेना, म्हणून नोटपॅडमध्ये ओढली.
"आमचे येथे श्रीकृपेकरून" जिथे असायला हवं होतं
तिथे डॉलर, चौकोन, प्रश्नचिन्हं,
शेपटी तुटलेली परकी अक्षरं.
ती शांतच. जुन्या फॉन्टांवर हयात गेलेली बाई.
फॉन्ट नसला की मराठीचं असंच होतं
हे तिला कधीपासूनचं ठाऊक.
"फॉन्ट उडालाय बहुतेक," म्हणाली,
आणि बिस्किटांच्या डब्यातून फॉन्टची सीडी काढली.

मी तोंडात ब्रश धरून मागे उभा.
पडद्याच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी होती, इंग्रजी, फार सभ्य.
घाबरू नका. तुमच्या फायली सुखरूप आहेत.
किल्ली आमच्याकडे आहे.
खाली रक्कम. खाली बहात्तर तास, उलटे मोजलेले.
आई चहा ठेवायला उठली
तेवढ्यात मी चिठ्ठी पुसली. गेमही पुसला.
तिने चार वेळा फॉन्ट टाकला.
चारही वेळा मी म्हणालो,
"आता रिस्टार्ट करून बघ."

मांजरेकरांचं लग्न कागदी प्रुफावरून तिने
पुन्हा जुळवलं, एका रात्रीत, मुहूर्तासकट.
बाकीची सतरा वर्षं गेली.
मशीनमागून मशीन बदलत सांभाळलेली.
त्यात आजोबांच्या तेराव्याचं कार्ड होतं,
माझ्या बारशाचं होतं, दोन ओळींचं,
ज्यात तिने स्वतःचं नाव चुकून ऱ्हस्व लिहिलं होतं
आणि कधी दुरुस्त केलं नव्हतं.
नवा फॉन्ट विकत आणला तिने, आठशेचा.
बिलासकट. खरा.

आता मी पवईला लोकांना शिकवतो,
अनोळखी फाईल उघडू नका. पगार बरा आहे.

परवा दुपारी आईचा फोन.
"अरे, हे विचारतंय, बदल करायची परवानगी द्यायची का?
हो म्हणू?"
कुठून आलंय, कुणाचं नाव लिहिलंय,
मी एकेक विचारत गेलो,
ती चष्मा शोधून एकेक अक्षर वाचत गेली.
मग कंटाळली.
"ते राहू दे. मी कधी त्यातलं काही पाहिलंय का?
तू सांगशील ते."

पलीकडे माऊसवर टेकलेलं तिचं बोट
मला ऐकू येत होतं.