खालच्या सुरात

थेंब, मग थेंब.
सवयीनं मी दोहोंमधलं अंतर मोजतो.
"आज जरा रेंगाळतंय," म्हणालो,
तर तीऊ सिस्टरनं हसून चकती फिरवली.
तार्तूच्या इस्पितळात ही माझी तिसरी फेरी.
खिडकीतून एमायोगी दिसते, कडेनं गोठलेली,
मधोमध काळी, वाहती.

गुरुवारी एक बाई येतात. बूट दाराशी काढतात,
लोकरी मोज्यांवर बसतात आमच्यासमोर.
डोळे मिटा. श्वास येतोय, जातोय. नुसतं बघा.
आणि आता शांतता ऐका.

शांतता!
अडतीस वर्षं पियानोचे सूर लावले मी,
तिच्यावरच तर पोट होतं.
आता कानात शिट्टी आहे.
दुसऱ्या फेरीनंतर आली, ती गेलीच नाही.
औषध गाठीच्या मागे लागतं,
वाटेत वरचे सूरही उचलून नेतं.
डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. सही माझीच आहे.
शेवटच्या दहा-बारा पट्ट्या आता
लाकडावर लाकूड: ठक, ठक.

शेजारच्या खुर्चीत सल्मे, सेतोमाकडची.
ती डोळे मिटत नाही. ओठ तेवढे हलतात.
विचारलं, काय म्हणता?
"नावं. आमची माणसं.
मेलेली, जिवंत, सगळी एकातच.
निवडणं त्याचं काम."
आमच्या घरी तो कधी आला नाही.
कुणी हाकललाही नव्हता.

काल रात्री झोप नव्हती.
नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानामागच्या हाडाला टेकवला.
हाडाला ऐकू येतं अजून.
कवटीभर तो एकच सूर, आणि वर शिट्टी,
जुळत नव्हती. जुळेना का.
पियानोत तरी कुठे सगळं जुळतं?
प्रत्येक पंचमात चिमूटभर खोट ठेवावी लागते,
गिऱ्हाइकाला हे सांगत नाही आम्ही.
काटा थंड होईपर्यंत बसून राहिलो
स्वयंपाकघरात, अनवाणी.

आज पुन्हा गुरुवार.
शांतता ऐका, म्हणाल्या बाई.
शिट्टी ऐकली. तिच्याखाली थेंब.
थेंबाखाली तीऊच्या रबरी चपला,
त्याहून खाली सल्मेची नावं,
ओळीनं, न थांबता,
आणि त्यांत मधेच
माझं.

खालच्या सुरात होतं,
म्हणून ऐकू आलं.