डोंगळा

उद्या रात्री आडगावच्या लॉन्सवर कार्यक्रम,
आणि माझ्या कीबोर्डात
बंद केलेला पियानो वाजतोय.

फेडर पार तळाला.
कोरडा सूर शून्य.
तरी पट्टी दाबली की लांबून, ओलसर,
खोल हौदात कुणी पितळी तपेली बुडवावी तसा
रिव्हर्ब येतोच.

साडेदहा वाजले. आतल्या खोलीत इडलीचं पीठ फिरतंय,
मिक्सर थांबला की पुन्हा तेच.
मॅन्युअलच्या एकशे बेचाळिसाव्या पानावर नकाशा आहे:
चौकोन, चौकोनातून बाण,
बाणाला फुटलेले बाण.
मी तो तीनदा वाचला
आणि तिन्हीदा तो मला कळला.

आप्पा दाराशी. झोप नाही.
जन्मभर पाटकरी, उजव्या कालव्यावर,
कालवाच बंद झाला तोवर.
आम्ही राहतो तो कॅनॉल रोड, पाण्याच्या जागी
मोमोजची गाडी आणि दोन क्लासेस.
"हा कुठला कॅनॉल?" पानावर वाकून ते म्हणाले.

आवाज इथून निघतो, आप्पा.
हा इन्सर्ट, सगळं ह्याच्या पोटातूनच जायचं.
आणि हे सेंड: थोडंसं बाजूला काढायचं,
डिलेला, रिव्हर्बला,
ते पुढे येऊन मुख्य धारेला मिळतं.
"चारी."
हो, चारी.
"किती सोडायचं?"
शून्य ते एकशे सत्तावीस.
"एकशे सत्तावीसच का?"
मला सांगता येईना.
पंधरा वर्षं हेच आकडे फिरवतोय मी.

फेझर त्यांना मुळीच आवडला नाही.
"मोटारीनं हवा धरल्यागत वाटतंय."
डिलेवर हसले: "गेलेलं पाणी
पुन्हा त्याच मोरीतून येत नाही रे."
ओलं-कोरडं मात्र लगेच पटलं.
"सगळंच बागायत करू नको.
जमीन चोपण होते."

मग चष्मा सदऱ्याला पुसून
पियानोच्या चौकोनावर बोट ठेवलं.
"ह्याचं दार कुठंय?"
हा फेडर. इथे, पुढे.
"आणि चारी कुठून फुटलीय?"
पाहिलं.
दाराच्या अलीकडून.

"मग दार लावून काय उपयोग?
वरच्या अंगाला डोंगळा टाकलाय कुणीतरी."

काळी नळी. एक तोंड कालव्यात, एक वावरात.
तोंडानं ओढून धार चढवायची
आणि घरी जाऊन झोपायचं.
सकाळी पाटकऱ्याच्या वहीत पाणी कमी, दारं सगळी बंद.
गायधनी पाटकऱ्यानं असे किती तोडले,
कोयता अजून माळ्यावर आहे.

मेनूत गेलो. सेंड: प्री.
पोस्ट केलं.
शांत. इतकं, की पंख्याची कुरकुर सूर धरू लागली.

आप्पा उठेनात.
"टेलला पोचतं का?"
रिव्हर्बची शेपूट वाढवली, चार सेकंद, सहा, नऊ,
फेडर वर, एक खालचा सा दाबून सोडला.
ते ओठांनी मोजत होते.
बऱ्याच वेळानं, माझ्या कानातून सूर गेल्यानंतरही थोडं थांबून
"पोचलं," म्हणाले.

पाणी प्यायला उठले तेव्हा, पाठमोरे:
"एक डोंगळा मी तोडला नव्हता.
तीन आवर्तनं. माहीत असून."

कुणाचा, हे विचारायला तोंड उघडलं
तोच आईनं मिक्सर पुन्हा लावला.

उद्या परवीनचं दुसरं गाणं संपेल,
टाळ्या पडायच्या आत
मी पियानो तळाला ओढीन.
तेवढ्या एका जागी, रात्री दीड वाजता,
सेंड परत प्री केलाय.
दार बंद राहील.
वावर ओलं.