हँडल मारताना

जालन्यात, मोंढ्यामागच्या गल्लीत
पत्र्याचं शेड दुपारी तव्यासारखं तापायचं.
तिथं बापानं मला दोन गोष्टी शिकवल्या :
जेवणाआधी डोळे मिटायचे,
आणि हँडल मारताना अंगठा
बोटांच्याच बाजूला ठेवायचा.
मूठ वळायची नाही.
"इंजिन कवा उलटं मारंल, सांगता येत न्हाई, लेकरा.
गच्च धरशील तर मनगट जाईल."

त्याचं स्वतःचं गेलं होतं पंचाहत्तर साली,
हसनाबादच्या एका गिरणीत.
हाड वाकडंच जुळलं.
त्या हातानं तो प्रभुभोजनाचा प्याला पुढं द्यायचा
तेव्हा प्याला थोडा कलायचा.
मंडळीला सवय होती,
बायका न बोलता पदर सावरायच्या.

सीलास खरात, डिझेल मिस्त्री.
पाटीवर एवढंच.
पाळकसाहेब म्हणाले, एखादं वचन लिहा की वर.
हा म्हणाला, आधी इंजिनं चालू होऊ द्या.

प्रवचनात मला झोप यायची.
शेडमध्ये कधीच आली नाही.
डिझेलला ठिणगी लागत नाही, हे कळलं
तेव्हा मी बारा वर्षांचा.
प्लग नाही, वात नाही, काडी नाही,
नुसती हवा,
कोंडून, दाबून, आणखी दाबून इतकी तापवायची
की तेलाचा एक बारीक फवारा पुरे.
मी विचारलं, मग आग येती कुठून?
"कुठून म्हंजे? तिच्यातच हुती,"
म्हणाला, आणि नोझल रॉकेलमध्ये बुडवून
फुंकत राहिला.

आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी
हे वाक्य मी फार वेळा घासून पाहिलं.
खोटं का सांगू,
दाबलेली प्रत्येक हवा पेटत नाही.
रिंगा झिजल्या असतील
तर नुसता पांढरा धूर निघतो
आणि डोळे चुरचुरतात.

बाप गेला जानेवारीत.
त्यानंतर मी देवळात गेलो नाही.
भांडण नव्हतं. नुसतंच
हँडल जड झालं होतं.

एप्रिलात, पुनरुत्थानाच्या पहाटे
साडेचारला दारावर थाप.
दफनभूमीत माईक बंद, दिवे बंद,
मंडळी मेणबत्त्या धरून थडग्यांमध्ये उभी,
आणि भाड्याचा जनरेटर मुकाट.
मी पाना घेतला. चप्पल घालायची राहिली.

लाईनीत हवा शिरली होती.
नट सैल केला, हातपंप मारत राहिलो,
फेस, फेस, बुडबुडे, फेस.
कुणीतरी विचारलं, किती वेळ?
मी म्हणालो, हवा संपेपर्यंत.
मग तेल आलं, सलग, दोऱ्यासारखं.
नट आवळला.

बहिणीची अबीगेल, नऊ वर्षांची,
लिव्हर उचलून धरायला आपणहून पुढं आली.
मी फिरवलं, फिरवलं, वेग आला,
"सोड!"
तिनं सोडलं
आणि इंजिनानं उलटा दणका दिला.

हँडल हातातून सुटून
तीन कबरींपलीकडं जाऊन पडलं.
मी हात पाहिला. मनगट जागेवर.
अंगठा बोटांच्याच बाजूला.
मी ठेवला नव्हता.
तो आपला आपण तिथं होता.

बापाच्या कबरीवर अजून दगड बसवलेला नाही,
मातीचा उंचवटा आहे, त्यावर
हँडल आडवं पडलेलं.
उचलायला गुडघे टेकावे लागले.
टेकले.

दुसऱ्यांदा धडधडलं.
एक बल्ब लागला, मग चार,
कडुलिंबाखालचे चेहरे उजळले.
पाळकबाई माईकवर काहीतरी म्हणाल्या.
मी जनरेटरला इतका चिकटून उभा
की फक्त त्यांचे ओठ हललेले दिसले.
वाक्य मला पाठ होतं.
मंडळीचं उत्तरसुद्धा.
ग्रीसच्या हातांनी, त्या आवाजात,
मीही ते म्हणालो.
अबीगेल म्हणते, मामा, ओरडलास.