चौथी तार

ग्दान्स्कच्या त्या तळघराला सतरा पायऱ्या,
अठरावी फक्त माझ्या गुडघ्याला लागते.
कोट ठेवायला जागा नाही.
हालिना बिअर देते, सुटे परत देत नाही.

त्या गुरुवारी वितोल्डच्या डबल बासची तार तुटली,
ऐन सोलोत.
थांबला नाही तो.
जिन्यातला दिवा गेल्यावर
माणूस चाचपडत उतरतो,
तसा उरलेल्या तिघींवरून
समेवर आला.
ड्रमवाली पोरगी काठ्या ठेवून
बोटांनीच वाजवत होती, हळू,
त्याला पायरी दिसावी म्हणून.
टाळ्या वाजवायच्या राहूनच गेल्या माझ्याकडून.

आता त्यांची रेकॉर्ड आहे घरी.
तीच धून, चारही तारा शाबूत.
ती जागा आली
की अजून श्वास धरतो मी,
आणि काहीच तुटत नाही.